क्लिपा बघून झाल्या, आता आधी पुस्तक की आधी सिरीयल?

परवा रात्री अकरा वाजता मामेबहिणीचे मेसेज, एकापाठोपाठ एक चार क्लिपा आणि खाली नुसतं "दादा हे काय आहे!!!!". ती कणकवलीला शाळेत शिकवते, दिवसभर पोरांच्या वह्या तपासते आणि रात्री फोन घेऊन बसते, त्यात तिला कुठून तरी 'अ नाईट ऑफ द सेव्हन किंगडम्स' या 'गेम ऑफ थ्रोन्स'च्याच जगातल्या एचबीओच्या नव्या मालिकेच्या क्लिपा दिसल्या. चिखलातून चाललेला एक ताडमाड सरदार, बाजूला टकला पोरगा, घोडे, तंबू, निशाणं. मला तर काय, मी गेले तीन महिने त्याच क्लिपा बघतोय, कुठल्या सेकंदाला ढालीवर काय दिसतं ते पण पाठ आहे, त्यामुळे मी तिला एवढा मोठा व्हॉइस मेसेज पाठवला की तिने तो दीडपट स्पीडवर ऐकला असणार.

मग तिने कामाचा प्रश्न विचारला. १८ जानेवारी २०२६ ला चालू होतंय, म्हणजे आपल्याकडे जिओहॉटस्टारवर सोमवारी सकाळी, मधे दोन आठवडे पण नाहीत, तर आधी पुस्तक वाचू की थेट बघू? आणि यातलं काहीच बघितलं नसेल तर जुन्या 'गेम ऑफ थ्रोन्स'पासून सुरुवात करू का? तिला उत्तर देताना लक्षात आलं की हा प्रश्न मला वर्षातून चार जण तरी विचारतात आणि मी प्रत्येकाला वेगळं सांगतो, म्हणून एकदा सगळं शेजारी शेजारी ठेवून लिहितोय.

पहिल्यांदा ती स्पॉयलरची भीती बाजूला काढू. 'पुस्तक वाचलं तर सिरीयलची मजा जाईल' असं सगळे म्हणतात. मी पण म्हणायचो. एकदा गावच्या जत्रेला निघताना आईला विचारलं होतं, कीचकवध आख्यान आहे, काय होणार ते तुला माहितीये, मग रात्रभर थंडीत कशाला कुडकुडायचं. ती म्हणाली, "मेल्या, कीचक मरतलो ह्यां माका चार वर्षांची असल्यापासून म्हायत असा, म्हणान मी काय जत्रेक जावचा सोडलंय?" झालं. दशावतारात संहिता लिहिलेली नसते, गोष्ट सगळ्यांना माहिती असते आणि संवाद नट जागेवर रचतात. मांडावरचा प्रत्येक माणूस हेच बघायला आलेला असतो की आज हा कीचक दरवाजातून कसा येतो, पखवाज कुठे वाजतो, आणि सैरंध्री झालेला बुवा पदर कसा सावरतो. दशावतार बघत मोठं झालेल्या माणसाने स्पॉयलरला घाबरणं जरा विनोदीच आहे.

मग जातं काय? जातात ते चेहरे. पुस्तक आधी वाचलंत तर माणसं तुम्ही घडवता, कुणाचं नाक तुमच्या गणिताच्या मास्तरांचं असतं, कुणाचा आवाज काकांचा. सिरीयल आधी बघितलीत तर ते काम नटांनी करून ठेवलेलं असतं आणि नंतर कितीही प्रयत्न करा तो चेहरा पुसता येत नाही. हा एकतर्फी रस्ता आहे. म्हणून माझी कसोटी एकच, त्या पुस्तकात चेहरे किती आहेत आणि ते तुम्हाला स्वतः घडवायला जमतील का. कमी असतील तर आधी पुस्तक. पन्नास-शंभर असतील तर लाज सोडा आणि नटांचे उसने घ्या.

आता या नव्या मालिकेचं बघा. हिचा आधार आहे 'द हेज नाईट' नावाची लघुकादंबरी, १९९८ ची, शंभरेक पानांची गोष्ट. त्याच जोडीच्या अजून दोन आहेत, २००३ ची आणि २०१० ची, आणि तिन्ही एकत्र करून २०१५ ला एक पुस्तक आलं, ज्याचं नाव आता मालिकेला दिलंय. पहिल्या सीझनमधे पहिलीच गोष्ट आहे, सहा भागात. म्हणजे शंभर पानं आणि सहा भाग, या सगळ्याचा लेखक जॉर्ज मार्टिन, त्याच्या बाबतीत असं प्रमाण परत कधी मिळणार नाही. एका रविवारात होतं वाचून, तेही मधे जेवून झोपून.

माणसं मुख्य दोनच. डंक, सात फुटाला इंचभर कमी असा धिप्पाड गडी, ज्याला कुठलं घराणं नाही गाव नाही, आणि एग, तो टकला पोरगा. एगबद्दल एक गोष्ट आहे जी मी सांगत नाहीये आणि तुम्ही पण शोधू नका, नटाचं नाव शोधायला गेलात तरी समोर येईल. (स्पॉयलरला घाबरू नका असं वर म्हणालो आणि इथे लपवतोय, कळतंय मला. पण हे डंकला जेव्हा कळतं तेव्हाच तुम्हाला कळावं एवढी एक इच्छा आहे, बाकी काही लपवणार नाही.)

सुरुवातच बघा ना कशी आहे. डंक खड्डा खणतोय. ज्या म्हाताऱ्या सरदाराकडे तो वाढला तो गेलाय, पावसाने जमीन मऊ झालीये म्हणून खणायला सोपं जातंय, आणि जागा त्याने टेकडीच्या पश्चिम उताराची निवडलीये कारण म्हाताऱ्याला सूर्यास्त बघायला आवडायचा. बस एवढंच. ना ड्रॅगन ना सिंहासन. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पडवीत बसलेलो, समोर पश्चिमच, आणि आजोबा गेल्याला वर्ष झालं होतं, ते पण रोज संध्याकाळी खुर्ची खळ्यात काढून समुद्राकडे तोंड करून बसायचे. पुस्तक मिटून ठेवलं थोडा वेळ.

म्हाताऱ्यामागे डंककडे तीन घोडे राहतात. आशफर्डला घोड्यावरून भाल्यांनी लढायचा सामना आहे, त्यात भाग घ्यायचा तर अंगाच्या मापाचं चिलखत पाहिजे, आणि एवढ्या मापाचं चिलखत तयार थोडंच मिळतं, मग ते करून घ्यायला पैसे पाहिजेत, म्हणून त्याला स्वीटफूट नावाची घोडी विकायला लागते. विकतो, आणि वर तिच्या खाण्यासाठी पदरचे पैसे देऊन येतो. दोन मिनिटाचा प्रसंग आहे. सिरीयलमधे हा ठेवला असेल की कापला असेल ते क्लिपांमधून कळत नाही, मी फ्रेम थांबवून थांबवून घोडे मोजलेत. ज्याच्या घरात कधी दावणीचं जनावर विकलं गेलंय त्याला वेगळं सांगायला नको.

अजून एक, आणि इथे मी जरा वाहवत जाणार. त्या जत्रेसारख्या मेळ्यात बाहुल्यांचा खेळ आहे. उंचच उंच एक मुलगी, टॅन्सेल, ती बाहुल्या नाचवते आणि ढालींवर चित्रंही रंगवते, डंकची ढाल तीच रंगवून देते, मावळतीचा रंग, एल्मचं झाड आणि वरून पडणारा तारा. तिच्या खेळात ड्रॅगन मारला जातो आणि त्या एवढ्याशा खेळावरून पुढचं रामायण घडतं. आता मला सांगा, कुडाळजवळ पिंगुळीला ज्याने ठाकर मंडळींच्या कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी बघितलीये त्याला हे परदेशी कसं वाटेल? तीच माणसं बाहुल्या करतात, तीच रंगवतात, तीच गातात. परशुराम गंगावणे यांना २०२१ ला पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी. मी पिंगुळीला लहानपणी बाहुलीचा दोरा जवळून बघितलेला, राक्षसाची बाहुली पडद्याआड गेल्यावर खुंटीला टांगून ठेवली होती आणि ती तशीच हलत होती. टॅन्सेलचा ड्रॅगन वाचताना माझ्या डोक्यात तोच राक्षस आला. क्लिपा आधी बघितल्या असत्या तर नसता आला. मालिकेचा बाहुला भव्यच असणार, पण तो त्यांचा.

यावर मामेबहीण म्हणाली की मी तर क्लिपा बघून बसलेय, डंकचा चेहरा आता तो पीटर क्लॅफीचाच, मग पुस्तक आधी वाचून काय फायदा? मुद्दा बरोबर आहे. क्लॅफी आयरिश आहे, आधी रग्बी खेळायचा, आणि क्लिपेत तो तंबूच्या दाराशी वाकून उभा राहतो ते बघून मी स्वतःच ओरडलो होतो, हाच तो! पण थांबा. ही गोष्ट सगळी डंकच्या डोक्यातून सांगितलेली आहे. तुम्ही त्याच्या डोळ्यातून बघता, त्याला बाहेरून फार कमी वेळा बघता. त्यामुळे त्याचा चेहरा गेला तरी फार काही गेलं नाही, आत शिरायची वाट अजून मोकळी आहे. आणि आत काय आहे? आत एक बिचारा सारखा स्वतःला मठ्ठ म्हणतोय, किल्ल्याच्या तटासारखा जाड डोक्याचा, आणि प्रत्येक वेळी म्हातारा असता तर काय म्हणाला असता याचा विचार करतोय. हे कॅमेऱ्याला दाखवता येत नाही. नट चांगला असेल तर कपाळावर आणेल थोडं. तर या बाबतीत माझं मत पक्कं, आधी पुस्तक, आणि क्लिपा बघून झाल्या असतील तरी आधी पुस्तकच.

'गेम ऑफ थ्रोन्स'चं बरोबर उलट.

मी २०११ ला रत्नागिरीला कॉलेजात होतो. एचबीओने ३ एप्रिलला पहिल्या भागाची सुरुवातीची पंधराएक मिनिटं आधीच दाखवून टाकलेली, मालिका १७ तारखेला होती. सायबर कॅफेत एक तास भरून मी ती पंधरा मिनिटं बघितली होती, म्हणजे बघितली सात मिनिटं, बाकी गोल फिरत होतं. बर्फ, भिंत, जंगलात काहीतरी. डोकं फिरलं. लगेच ठरवलं की मालिका यायच्या आत पुस्तक वाचून काढायचं, मुंबईहून येणाऱ्या एकाकडून मागवलं, आठशेच्या आसपास पानं, बारीक टाईप, आणि चाळीसाव्या पानावर मी कोण कोणाचा काका हे वहीत लिहायला लागलो. पुस्तकामागे घराण्यांची यादी दिलेली आहे, ती बघायला सारखं मागे जा पुढे या, नवीन लग्न झालेल्या घरात पहिल्या पंगतीला बसल्यासारखं, प्रत्येक जण विचारतोय मला ओळखलंस का.

प्रत्येक प्रकरण एका माणसाच्या नजरेतून, पहिल्या पुस्तकात अशी आठ माणसं, आणि हे आठ जण चार ठिकाणी पसरलेले. मार्टिन स्वतः ऐंशीच्या दशकात टीव्हीसाठी लिहायचा, तिथे बजेटपायी सारखी काटछाट व्हायची, म्हणून पुस्तक लिहिताना त्याने ठरवून हात मोकळा सोडला, शूट करता येणारच नाही एवढं मोठं लिहिलं. ते वाचताना जाणवतं. पहिल्या वेळेला मी दीडशे पानांवर सोडलं. मग पहिला सीझन बघितला, दहा भाग, मित्राच्या हार्डडिस्कवरून, आणि नंतर तेच पुस्तक दहा दिवसात संपलं कारण आता नाव आलं की चेहरा यायचा. उसना चेहरा, पण चेहरा.

आणि नटांचे चेहरे तरी काय सहज सापडले होते? पहिला पायलट, म्हणजे नमुन्याचा भाग, २००९ ला शूट झाला तो निर्मात्यांनाच जमला नाही, बराचसा परत केला. डेनेरिस आधी टॅमझिन मर्चंट होती, मग एमिलिया क्लार्क आली, केटलिन आधी जेनिफर एली आणि मग मिशेल फेअरली. आज आपल्याला वाटतं या बायका जन्मल्याच त्या भूमिकेसाठी. वयं पण वाढवली, पुस्तकात डेनेरिस तेरा वर्षांची आहे आणि जॉन, रॉब चौदाचे, ते पडद्यावर मोठे केले आणि देवाशपथ बरं केलं. पुस्तक वाचताना ती तेरा वर्षं मला सारखी टोचत राहिली. शिवाय लोकांचा गोंधळ नको म्हणून आशा नावाच्या बाईचं यारा केलं, कारण ओशा नावाची दुसरी आधीच होती. ज्याने वहीत नावं लिहिलीत त्याला हा निर्णय किती दयाळू आहे ते कळेल.

कानाचं पण एक आहे. गोष्टीतल्या घोडेस्वार टोळ्यांची जी डोथ्राकी भाषा, तिचे पुस्तकात थोडेसेच शब्द आहेत. मालिकेसाठी डेव्हिड पीटरसन नावाच्या भाषातज्ज्ञाने अख्खं व्याकरण तयार केलं. पहिल्यांदा ऐकताना मला कळत काहीच नव्हतं पण भांडण आहे की लाड ते कळत होतं, मालवणी न येणाऱ्या माणसाला आमच्या घरात बसल्यावर होतं तसं.

पुस्तक जिंकतं ते लढायांत, हे ऐकायला उलटं वाटेल. पहिल्या सीझनला पैसे बेताचे होते, त्यामुळे ग्रीन फोर्कची लढाई जी पुस्तकात टिरियनच्या नजरेतून दणक्यात आहे, ती मालिकेत त्याला डोक्यात फटका बसतो आणि शुद्धीवर येतो तोवर संपलेली असते. मी सोफ्यावरून उठून उभा राहिलो होतो. अरे पैसे नाहीत तर तसं सांगा.

आणि एक मोठी अडचण सांगायला हवी, कारण पुढे जाऊन शिव्या मलाच पडतील. मालिका ७३ भागांत २०१९ ला संपली. पुस्तकं संपलेली नाहीत. पाचवं आलं जुलै २०११ ला, पहिला सीझन संपल्यावर महिन्याभरात, आणि सहाव्याची वाट आम्ही तेव्हापासून बघतोय. त्या वर्षी आमच्या परड्यात लावलेलं हापूसचं कलम आता आंबे देतंय, सहावं पुस्तक नाही. म्हणजे शेवट हवा असेल तर मालिकाच, आणि तो शेवट आवडणार नाही याचीही तयारी ठेवा. ज्याला अर्धवट गोष्ट सोसत नाही त्याने पुस्तकाच्या वाटेला जाऊच नये, खरंच. माझी बायको याच कारणाने गेली नाही आणि ती सुखी आहे.

'हाऊस ऑफ द ड्रॅगन' २०२२ ला आली ती 'फायर अँड ब्लड' या २०१८ च्या पुस्तकावर, आणि ते पुस्तक म्हणजे चक्क बखर आहे हो. कादंबरी नाहीच. एक पंडित नंतरच्या काळात बसून राजघराण्याचा इतिहास लिहितोय, या धर्मगुरूने असं लिहून ठेवलंय, दरबारातला विदूषक मात्र भलतंच सांगतो, खरं काय देव जाणे. ज्याला आपल्या बखरी वाचायची सवय आहे, एकाच प्रसंगाची तीन वर्णनं लावून बघायचा नाद आहे, त्याला मेजवानी. बाकीच्यांनी आधी मालिका बघा, कारण या पुस्तकात चेहरे नाहीतच, नावं आणि मृत्यू आहेत. इथे उसनं घेण्यात काही कमीपणा नाही, लेखकाने दुकान उघडंच ठेवलंय.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'बद्दल लोक फार वाद घालतात, मी थोडक्यात आटपतो. क्लिपांचं वेड आत्ताचं नाही हे सांगायला मात्र तेच उदाहरण, एप्रिल २००० मधे त्याच्या सिनेमाची छोटी झलक नेटवर टाकली तर पहिल्या चोवीस तासांत १७ लाख डाऊनलोड झाले, तेही त्या काळच्या टेलिफोनच्या लायनीवर. आणि मे २००१ ला कान महोत्सवात २६ मिनिटं दाखवली, मोरियाच्या खाणीचा भाग धरून, तेव्हा कुठे लोकांचा विश्वास बसला की हे जमणार आहे. सिनेमे तिन्ही एका दमात शूट केलेले, म्हणून एकजीव वाटतात. पुस्तक हळू आहे, गाणी आहेत, चालणं आहे, खूप चालणं, टॉम बॉम्बाडिल नावाचा माणूस आहे ज्याला सिनेमाने पूर्ण वगळलं. इंग्रजी जड जात असेल तर मुग्धा कर्णिकांचा मराठी अनुवाद आहे, 'स्वामी मुद्रिकांचा', तो घ्या आणि पावसाळ्यात घ्या. जून ते सप्टेंबर, बाहेर धो धो, लाईट गेलेली, घरात बसून दुसरं करणार काय. सिनेमे आधी बघितले असतील तरी चालेल, पुस्तकात जे चालणं आहे ते सिनेमात नाहीच, त्यामुळे काही चोरीला गेलेलं नाही.

घरात दहा-बारा वर्षांचं पोर असेल तर 'हॅरी पॉटर'. त्याची पण नवीन मालिका बनतेय एचबीओची, शूटिंग जुलै २०२५ ला चालू झालं, डॉमिनिक मॅक्लॉक्लिन नावाचा पोरगा हॅरी आहे, गोल चष्मा लावलेला त्याचा फोटो पहिल्याच दिवशी आला. तो पडद्यावर यायला वेळ आहे. तोपर्यंत पोराच्या हातात 'हॅरी पॉटर आणि परीस' द्या, मराठीत आहे. पोराला त्याचा स्वतःचा हॅग्रिड, म्हणजे त्यातला धिप्पाड दाढीवाला रखवालदार, करू दे आधी. आमच्या भाच्याचा हॅग्रिड हा त्यांच्या वाडीतला ट्रॉलरवाला आहे, दाढीसकट, आणि त्यापुढे मी बघितलेला सिनेमातला हॅग्रिड मला फिका वाटायला लागला.

अजून एक सावधगिरी. 'व्हील ऑफ टाइम'ची पुस्तकं मोठी चौदा. मालिका २०२१ ला आली आणि तीन सीझननंतर मे २०२५ ला बंद केली, तीसुद्धा चांगली पकड घेतल्यावर. लेखक २००७ ला वारला तरी पुस्तकं दुसऱ्या लेखकाने २०१३ पर्यंत पूर्ण करून दिली, म्हणजे लेखक गेला तरी पुस्तक संपलं आणि मालिका मात्र सगळे जिवंत असून अर्ध्यावर राहिली. इथे काय आधी हा प्रश्नच उरत नाही. शेवट फक्त पुस्तकात आहे. डंकच्या बाबतीत दुसरा सीझन आधीच मंजूर झालाय, त्यामुळे तेवढी काळजी नको.

आता क्लिपांवर किती भरवसा ठेवायचा? मासळी बाजारात वाटा लावतात ना, वर दोन मोठे बांगडे चकाकत असतात आणि खाली काय ते घरी जाऊन पिशवी उलटी केल्यावर कळतं. क्लिप म्हणजे ते वरचे दोन बांगडे. त्यात कुठल्या भागातलं दृश्य कुठल्या भागाशेजारी जोडलंय, संवाद कुणाचा आणि दाखवलंय कुणाला, काही धरबंध नसतो. मी बघतो ते बारीकसारीक. कपडे. नव्या क्लिपांत डंकचा अंगरखा मळलेला आहे, कमरेला तलवारीचा पट्टा नाही, दोर आहे. पुस्तकात तो दोरच आहे! म्हाताऱ्याची तलवार दोराने बांधून फिरणारा गडी. ज्याने हा दोर लक्षात ठेवला त्याने पुस्तक नीट वाचलंय एवढा अंदाज मी करतो. बाकी संगीत, आवाज, हळू चालणारे घोडे हे सगळं कुणीही करतं.

थोडं व्यवहाराचं. बघायचं तर आमच्या वाडीत नेटवर्क मागच्या गडग्यावर चढलं की येतं, तिथे उभं राहून एक अख्खा भाग बघणं म्हणजे डास आणि शेजारी दोघांचं मनोरंजन. डाऊनलोड करून ठेवा, तालुक्याला गेलात की. मुंबईला जाताना मांडवी एक्स्प्रेसमधे बसून बघू म्हणाल तर बोगदे आहेत, रत्नागिरीजवळचा करबुडेच साडेसहा किलोमीटर आहे, नेमका भाला लागायच्या वेळेला सिग्नल जाणार. पुस्तकाला बोगदा नाही, दिवा असला की झालं. पण पुस्तक मिळवायचं कसं? आमच्याकडे दुकानात मिळणार नाही, ऑनलाईन मागवायचं, मग कुरिअरवाला फोन करणार की वाडीत गाडी येत नाही तुम्ही तिठ्यावर या, आणि तिठ्यावर गेलं की तो पुढच्या गावाला गेलेला. माझं एक पुस्तक असंच तीन दिवस तिठ्यावरच्या चहाच्या टपरीवर होतं आणि टपरीवाल्याने त्याची प्रस्तावना वाचली होती. मला म्हणाला, "राजा मरतलो मां?" मी काहीच बोललो नाही.

वेळेचा हिशोब माझा असा, इंग्रजी तासाला तीसेक पानं. म्हणजे 'द हेज नाईट' साडेतीन तास, 'गेम ऑफ थ्रोन्स'चा पहिला खंड सव्वीस-सत्तावीस तास, आणि त्याचा पहिला सीझन दहा तास. जिला रोज साठ वह्या तपासायच्या आहेत तिने दोन आठवड्यात सव्वीस तास काढू नयेत. आणि नव्या मालिकेसाठी जुनी बघायची काही गरज पण नाही, ही गोष्ट तिच्या नव्वदेक वर्षं आधीची आहे. जुनी बघितलेल्याला दोन-चार आडनावांवर टाळ्या पिटता येतील एवढाच काय तो फरक.

तर मामेबहिणीला सांगितलं, डंकचं आधी वाच, फक्त पहिली गोष्ट, बाकी दोन ठेव. मग १९ तारखेला सकाळी बघ. आवडलं तर 'थ्रोन्स'चा पहिला सीझन बघ मे महिन्यात, सुट्टी लागल्यावर, आणि मग पुस्तक पावसाळ्यात. ती म्हणाली पुस्तक येईपर्यंत मालिका संपेल. म्हणून मी माझी स्वतःची प्रत, जिच्यात पानं दुमडलेली आहेत आणि एका ठिकाणी सोलकढीचा डाग आहे, वर्तमानपत्रात गुंडाळून सकाळच्या कणकवली एसटीच्या कंडक्टरकडे दिली. स्टँडवर तिचा नवरा जाऊन घेऊन आला.

काल रात्री पावणेएकला तिचा मेसेज आला. "स्वीटफूटला विकली रे त्याने." मग दोन मिनिटांनी, "वरून पैसे पण दिले तिच्या खाण्याचे." मग बराच वेळ टायपिंग टायपिंग दिसत राहिलं आणि काहीच आलं नाही.